रॉ फाइल कशात धुवायची? लॅपटॉप जुना, कॅमेरे दोन, विषय तीन

नाथसागर_किनारी
रामराम मंडळी. रॉ फाइलींतून (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइली) जेपेग आणि टिफ हे तयार फोटो काढायला एक सॉफ्टवेअर पक्कं करायचंय. सगळी माहिती एकदाच टाकतो, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारावं लागणार नाही.

कॅमेरे निकॉन डी७५० आणि सोनी ए६४००, दोन्ही २४ मेगापिक्सेलचे. लॅपटॉप आय५ आठवी पिढी, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, २५६ जीबी एसएसडी, बाहेरून १ टीबीची हार्डडिस्क. विंडोज १०. विषय तीन: अजिंठा-वेरूळची लेणी, पैठणच्या जलाशयावरचे पक्षी आणि अधूनमधून पैठणीचे कॅटलॉग फोटो. एकदाच पैसे भरायचे असतील तर भरू, महिन्याचा हप्ता शक्यतो नको. क्रॅक सुचवू नका.

आणि एक मूळ शंका. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो झकास दिसतो, तीच फाइल डार्कटेबल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडली की फिकट, वरून काळपट. फाइल खराब होतेय का कुठे?

बेसाल्ट
फाइल ठणठणीत आहे. स्क्रीनवर दिसतो तो रॉ नव्हेच. प्रत्येक रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने स्वतः बनवलेली एक जेपेग असते, ती दिसते. तिच्यावर पिक्चर कंट्रोल (कॅमेऱ्यातली रंगाची तयार छटा), शार्पनिंग, सॅच्युरेशन सगळं चढलेलं असतं. खरी रॉ म्हणजे सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर किती प्रकाश पडला त्याचा नुसता आकडा. त्या ठिपक्यांवर बायर पद्धतीची रंगीत जाळी असते: अर्धे ठिपके हिरवे, पाव लाल, पाव निळे. म्हणजे प्रत्येक ठिकाणी एकच रंग मोजलेला असतो, बाकीचे दोन शेजारच्यांवरून काढावे लागतात. ते काढणं, मग व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची दुरुस्ती), मग टोन कर्व्ह (उजळ-काळ्याची मांडणी). हे तिन्ही प्रत्येक सॉफ्टवेअर आपल्या मताने करतं, म्हणून तीच फाइल चार ठिकाणी चार तऱ्हांनी दिसते.

काळपट दिसण्याचं मात्र वेगळं कारण असू शकतं. निकॉनमध्ये ॲक्टिव्ह डी-लायटिंग चालू आहे का बघा. ते चालू असलं की कॅमेरा उजळ भाग वाचवायला मुद्दाम एक्स्पोजर कमी घेतो आणि सावल्या नंतर आपल्या जेपेगमध्ये उचलतो. निकॉनच्या सॉफ्टवेअरला हे कळतं, बाकीच्यांना नाही. त्यांच्या हाती नुसती कमी प्रकाशाची फाइल येते. कॅननच्या हायलाइट टोन प्रायॉरिटीचाही हाच प्रकार. रॉ काढत असाल तर दोन्ही बंद.

अजून एक. कॅमेऱ्याचा हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, तोही त्या जेपेगवरूनच येतो. पिक्चर कंट्रोल व्हिव्हिडवर असेल तर रॉमध्ये शाबूत असलेला उजळ भागही जळाल्यासारखा दाखवतो. डी७५०मध्ये फ्लॅट आहे, ते लावा. स्क्रीनवर फोटो मरगळलेला दिसेल, पण हिस्टोग्राम खऱ्याच्या जवळ येईल.

मांजरा_०७
लगीनसराईतल्या माणसाला विचाराल तर ॲडोबीचं लाइटरूम क्लासिक, विषय संपला. एका लग्नात ३००० फोटो. डी७५०ची १४ बिट लॉसलेस फाइल साधारण २८ एमबी, म्हणजे ८४ जीबी झाले की राव. त्यातून ६०० निवडायचे, मांडवातला एक फोटो सेट करून बाकीच्या दीडशेवर सिंक मारायचं, चेहऱ्याला मास्क आपोआप. हे सगळं एका जागी दुसरीकडे होत नाही.

पण हप्ता नको म्हणता तर एक गोष्ट कळलेली बरी. वर्गणी संपली म्हणून लाइटरूम क्लासिक कुलूप लावत नाही. लायब्ररी उघडते, फोटो दिसतात, एक्सपोर्टही होतात. डेव्हलप आणि मॅप बंद पडतात. जुनं काम हातातून जात नाही, नवीन होत नाही.

आणि पहिल्याच दिवशी कॅटलॉग सेटिंग्जमध्ये जाऊन बदल आपोआप एक्सएमपीत, म्हणजे फोटोसोबतच्या नोंदीत, लिहायचा पर्याय चालू करा. तो बंद असला की तुमची सगळी मेहनत त्या एका कॅटलॉग फाइलमध्ये असते. ती गेली की फोटो राहतात, काम जातं.

खामकाठ
विषय संपला कसा? विचारणाऱ्याला लग्नं काढायची नाहीत. लेणी, पक्षी, साड्या, महिन्याला फार तर दोन-तीनशे फाइली. सिंक मारायचा वेग हा त्यांचा प्रश्नच नाही.

मी डार्कटेबल सांगेन, पण ते जसं उघडतं तसं वापरायला घेतलं की नव्वद टक्के लोक कंटाळून सोडून देतात. कारण त्याची रीत लाइटरूमच्या उलटी आहे. क्रम असा धरा:

१. प्राधान्यांमध्ये प्रोसेसिंगखाली वर्कफ्लो सीन-रिफर्ड, सिग्मॉइडसह. सिग्मॉइड आणि फिल्मिक ही उजेड स्क्रीनवर मावेल असा बसवणारी मॉड्यूलं. नवख्याने फिल्मिकच्या नादी लागू नये, त्यात सरकपट्ट्या फार.
२. व्हाइट बॅलन्स मॉड्यूलला हात लावायचा नाही. ते कॅमेरा रेफरन्सवरच राहू द्यायचं. रंग कलर कॅलिब्रेशनमध्ये दुरुस्त करायचा. दोन्हीकडे बदल केला की लाल इशारा येतो आणि रंग दोनदा सुधारल्याने बिघडतात. रंग विचित्र येतात अशी बहुतेक तक्रार इथूनच सुरू होते.
३. एक्स्पोजर. फोटोतला मुख्य विषय डोळ्याला बरोबर वाटेपर्यंत उचला. आभाळ पांढरं पडलं तरी घाबरू नका, ते पुढच्या पायरीत खाली येतं.
४. सिग्मॉइडमध्ये कॉन्ट्रास्ट. उजळ भाग इथे दाबला जातो.
५. लेन्स करेक्शन, डीनॉइज प्रोफाइल्ड, मग स्थानिक मास्क.

८ जीबी रॅमवर रिसोर्सेस स्मॉलवर ठेवा. डिफ्यूज ऑर शार्पन हे मॉड्यूल ग्राफिक्स कार्डाशिवाय लावू नका, लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा ओरडेल आणि पट्टी हलवल्यावर चित्र बदलायची वाट बघत बसाल.

मांजरा_०७
बघा, पाच पायऱ्या झाल्या आणि फोटो अजून बाहेर आला नाही.

तेरणाकाठ
मधला रस्ता आहे की. रॉथेरपी. मोफत, मुक्त, आणि ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रावर त्याचा दुष्काळ जाणवत नाही, कारण सगळं गणित प्रोसेसरवरच चालतं. रॉ फाइल उघडली की ते पोटातल्या जेपेगशी जुळणारा टोन कर्व्ह स्वतःच बसवतं. म्हणजे फिकट दिसण्याची पहिली तक्रार तिथेच मिटते. त्याच्यावर काम करायचं की न्यूट्रलपासून सुरू करायचं हे तुमच्या हातात.

कामाचे भाग:

डीमोझेइकमध्ये (ठिपक्यांचे राहिलेले दोन रंग काढायची पायरी) चांगल्या उजेडातल्या, बारीक कोरीवकामाच्या फाइलीला अमेझ किंवा आरसीडी. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२००च्या वर गेलात तर एलएमएमएसई. अमेझ नॉइजच्या (कमी उजेडातल्या दाणेदारपणाच्या) गोंधळातसुद्धा तपशील शोधत बसतं, आणि मग सपाट भिंतीवर चक्रव्यूहासारखी नक्षी उमटते. खरं तर ती भिंतीवर नसतेच.

शार्पनिंगसाठी कॅप्चर शार्पनिंग, तेही रॉ टॅबमधलं. त्रिज्या ते स्वतः मोजतं. वरून अनशार्प मास्क लावू नका, कडांना पांढरी किनार येते.

फसगत कुठे होते तर झूममध्ये. नॉइज रिडक्शन आणि शार्पनिंगचा परिणाम १०० टक्के झूमवरच दिसतो. लोक पूर्ण फोटो बघत पट्टी ओढत राहतात, काही बदलत नाही म्हणून अजून ओढतात, आणि एक्सपोर्ट केल्यावर मूर्तीचा चेहरा मेणाचा होऊन बाहेर येतो.

बदल फोटोशेजारी पीपी३ नावाच्या छोट्या फाइलीत राहतात. फोटो हलवला तर तीही हलवा. कंट्रोल आणि बी दाबून रांगेत टाका, जेवायला जा, आल्यावर सगळे टिफ तयार.

उणं काय? निवड करायला ते मंद आहे. शेकडो फोटो चाळायचे असतील तर आधी एखाद्या साध्या व्ह्यूअरमध्ये चाळा, तो पोटातली जेपेग दाखवतो म्हणून झटपट चालतो.

नाथसागर_किनारी
डी-लायटिंग ऑटोवर होतं. बंद केलं. धन्यवाद बेसाल्ट.

लेण्यांबद्दल विचारतो. अजिंठ्याच्या १ नंबरच्या लेण्यात पद्मपाणीचा रंग दर वेळी वेगळा येतो. एका फाइलीत पिवळा, दुसरीत राखाडी.

बेसाल्ट
ऑटो व्हाइट बॅलन्स. कॅमेऱ्याला वाटतं सगळं चित्र फार पिवळट आहे, म्हणजे उजेड पिवळा असणार, म्हणून तो निळं मिसळतो. पण इथे पिवळेपणा उजेडात कमी आणि चित्रातच जास्त आहे. अजिंठ्याच्या रंगांत गेरू आणि पिवळी माती मुख्य, सोबत काजळीचा काळा, चुन्याचा पांढरा, मातकट हिरवा, आणि निळ्यासाठी बाहेरून आणलेला लाजवर्द. गेरूने भरलेल्या चौकटीत ऑटो बॅलन्स दर वेळी घसरणारच.

उपाय सोपा. प्रेक्षकांच्या कठड्यापाशी, ज्या दिव्याचा उजेड चित्रावर पडतो त्याच उजेडात, ग्रे कार्डाचा एक फोटो काढा. त्या लेण्यातल्या सगळ्या फाइलींना त्या कार्डावरून घेतलेला एकच बॅलन्स लावा. दुसऱ्या लेण्यात दुसरं कार्ड. दारातून ऊनही येत असेल तर दोन उजेड मिसळतात, तिथे दाराकडची बाजू वेगळ्या मास्कने उबदार करावी लागते. हे रॉथेरपीच्या लोकल ॲडजस्टमेंटमध्ये होतं, डार्कटेबलमध्ये जास्त सोयीने होतं.

रंग भडक करायचा मोह टाळा. सॅच्युरेशन वाढवलं की गिलाव्यावरचे डाग आणि जुन्या दुरुस्त्यांचे ठिगळ आधी उठून दिसतात, चित्र नंतर.

आता नॉइज. आत फ्लॅशला बंदी, ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. म्हणजे हातात धरून एफ १.८, १/३०, आयएसओ ३२०० ते ६४००. इथे सॉफ्टवेअरच्या नॉइज रिडक्शनपेक्षा जुनी युक्ती जास्त कामाची. एकाच जागेवरून सलग १६ फोटो काढा. सगळे एकाच सेटिंगने, नॉइज रिडक्शन न लावता, १६ बिट टिफमध्ये काढा. ह्युगिन या पॅनोरामा जोडणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरसोबत अलाइन इमेज स्टॅक नावाचं एक साधन मिळतं, त्याने ते एकावर एक बसवा आणि इमेजमॅजिकमध्ये सरासरी काढा. नॉइज संख्येच्या वर्गमुळाने कमी होतो. १६ फोटो म्हणजे चौपट कमी, म्हणजे आयएसओ ६४००ची फाइल ४००सारखी. खरा तपशील तसाच राहतो, कारण इथे मशीन अंदाज बांधत नाही, नुसतं मोजतं.

जागा मात्र बघून ठेवा. २४ मेगापिक्सेलची एक १६ बिट टिफ १४४ एमबी. सोळांची सव्वादोन जीबी, आणि जुळवलेल्या प्रतींची तेवढीच पुन्हा. काम झालं की मधल्या टिफ उडवा, रॉ आणि शेवटची एक टिफ ठेवा.

आणि हो, अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. दोन्ही एका फेरीत उरकायचं तर बुधवारी निघा.

खामकाठ
वर दिलेल्या युक्तीला एक पुरवणी. एआय डीनॉइजने लेण्यांचे फोटो साफ करू नका, अभ्यासासाठी असतील तर मुळीच नाही. ते पुसट रेषेच्या जागी पूर्ण रेषा काढून देतं. भित्तिचित्रात पुसट रेषा हीच माहिती असते. पक्ष्याच्या पिसाला चालून जातं, पद्मपाणीच्या पापणीला नाही.

वेरूळच्या कैलासाला वेगळी अडचण येते. लेणी पश्चिमाभिमुख, म्हणून दुपारनंतर ऊन समोरून येतं, मंदिराची एक बाजू तापलेली आणि मागची ओसरी काळीकुट्ट. बेसाल्टचा दगड मुळात गडद. डी७५०च्या बेस आयएसओला, १००वर, सावल्या तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) उचलल्या तरी टिकतात, त्यामुळे आभाळ न जळेल इतकं एक्स्पोजर ठेवून एकच फाइल पुरते. सावली उचलताना मात्र टोन इक्वलायझर किंवा मास्क वापरा. सगळ्या चित्राचा ब्लॅक पॉइंट ओढला की दगड राखेसारखा दिसतो.

हे जमतं ते १४ बिटमुळे. १४ बिट म्हणजे १६३८४ पायऱ्या, जेपेगच्या ८ बिटला २५६. त्यातही सेन्सर सरळ रेषेत मोजतो, म्हणून वरच्या एका स्टॉपमध्येच ८१९२ पायऱ्या खर्च होतात, त्याखालच्यात ४०९६, असं अर्ध-अर्ध होत जातं. सावलीत थोड्याच उरतात. म्हणून लेण्यात मुद्दाम काळा फोटो काढून घरी उचलू हा हिशोब चालत नाही.

हिमरू
साड्यांचं मी सांगते.

पैठणीत तीन ठिकाणी घोळ होतो. पहिलं, लाल आणि राणी रंग. पिवळ्या दिव्यांखाली लाल चॅनेल सगळ्यात आधी भरतो आणि पदराचा लाल भाग एक सपाट ठिगळ होतो, घडी दिसतच नाही. एकूण हिस्टोग्राम बघू नका, लाल चॅनेलचा वेगळा बघा. एक्स्पोजर २/३ स्टॉप कमी ठेवा. तरीही सपाट आला तर तो एसआरजीबीच्या, म्हणजे साध्या स्क्रीनच्या रंगपट्ट्याच्या, बाहेर गेलेला रंग असतो. डार्कटेबलच्या कलर कॅलिब्रेशनमधली गॅमट कॉम्प्रेशनची पट्टी थोडी वाढवली की घडी परत दिसते.

दुसरं, जर. बारीक जरीची वीण आणि सेन्सरची जाळी एकमेकींत अडकली की इंद्रधनुष्यी लाटा येतात. डी७५०ला या लाटा रोखणारा लो-पास फिल्टर आहे, तरी ठराविक अंतरावर येतातच. सॉफ्टवेअरमध्ये रॉथेरपीतलं फॉल्स कलर सप्रेशन दोन-तीन पायऱ्यांवर न्या, रंगीत लाट जाते, काळी-पांढरी थोडी राहते. खरा इलाज फोटो काढतानाच: कॅमेरा अर्धा फूट मागे किंवा पुढे घ्या, किंवा साडीचा कोन थोडा बदला. लाटा कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर पूर्ण चित्रात दिसतात त्या खोट्याही असतात. १०० टक्क्यांवर बघून ठरवा.

तिसरं म्हणजे स्क्रीन. स्वस्त लॅपटॉपच्या पॅनलवर ४५ टक्के एनटीएससी असं लिहिलेलं असतं. म्हणजे एसआरजीबीचाही बराच भाग त्यावर दिसत नाही, आणि त्यात पहिला मार लालाला. त्या स्क्रीनवर तुम्ही राणी रंग बरोबर कराल आणि गिऱ्हाइकाच्या फोनवर तो पेटलेला दिसेल. पैसे सॉफ्टवेअरवर घालायच्या आधी एसआरजीबी पूर्ण दाखवणारा मॉनिटर घ्या आणि कलरीमीटर (स्क्रीनचे रंग मोजणारं यंत्र) कुणाकडून दोन दिवस मागून आणा. त्याच्यासोबत चालणारं डिस्प्लेकॅल सॉफ्टवेअर मोफत आहे.

रंग नेमका हवा असेल तर २४ चौकटींचा कलर चार्ट साडीशेजारी ठेवून एक फोटो घ्या. डार्कटेबल चार्टवरून थेट दुरुस्ती काढून देतं. रॉथेरपीला त्यासाठी डीसीपी (कॅमेऱ्याच्या रंगांचं) प्रोफाइल बनवून द्यावं लागतं, पण एकदा बनवलं की त्याच दिव्यांखाली दर वेळी तेच लागतं.

मांजरा_०७
ताईंनी लालाचं सांगितलं, मी निळ्याचं सांगतो. स्टेजवरचे निळे-जांभळे एलईडी. नवरीचा चेहरा अख्खा निळ्या रंगाने लिंपल्यासारखा, नाक-गाल काही कळत नाही. लाइटरूममध्ये कॅलिब्रेशन पॅनलमध्ये ब्लू प्रायमरीचं सॅच्युरेशन उणे ४० ते ६० करा, नाक-डोळे परत येतात. व्हाइट बॅलन्स ओढत बसू नका, चेहरा निळ्याचा हिरवा होईल फक्त.

पट्टे पडले असतील तर ते कुठल्याच सॉफ्टवेअरात जात नाहीत. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा आणि सायलेंट शटर बंद.

लॅबला देताना एसआरजीबी, ८ बिट जेपेग. १२ बाय ३६च्या पानाला ३०० डीपीआयने ३६०० बाय १०८०० पिक्सेल. ॲडोबी आरजीबीत पाठवलं की अल्बम आजारी माणसासारखा दिसतो, आणि मग लॅबशी भांडत बसावं लागतं.

नाथसागर_किनारी
कंपन्यांचं मोफत सॉफ्टवेअर कुणीच बोललं नाही. निकॉनचं एनएक्स स्टुडिओ कसं?

तेरणाकाठ
डी७५०पुरतं उत्तम. २०२१मध्ये आलं. कॅमेऱ्याचे पिक्चर कंट्रोल, डी-लायटिंग, लेन्सची दुरुस्ती सगळं जसंच्या तसं, म्हणून पहिल्या उघडणीतला रंग निकॉनच्या जेपेगसारखाच. पण फक्त निकॉनच्या फाइली. सोनीसाठी सोनीचं इमेजिंग एज. म्हणजे दोन कॅमेरे, दोन सॉफ्टवेअर, दोन सवयी.

एनएक्स स्टुडिओचा एक खड्डा. बदल तो फोटोंच्याच फोल्डरात एनकेएससी पॅरॅम नावाचा उपफोल्डर करून त्यात ठेवतो. फाइल एक्स्प्लोररमधून फक्त फोटो निवडून हार्डडिस्कवर नेलेत की तो उपफोल्डर मागे राहतो आणि तिकडे फोटो कोरे करकरीत उघडतात. अख्खा फोल्डर न्या.

खामकाठ
पक्ष्यांसाठी सोनी वापरत असाल तर ए६४००ची रॉ कॉम्प्रेस्ड असते, आणि ते कॉम्प्रेशन लॉसी आहे. एरवी कळत नाही. उजळ आभाळावर काळी डहाळी, आणि नंतर सावली चार स्टॉप उचलली, की डहाळीच्या कडेला दातेरी ठिपके दिसतात. कुठलंही सॉफ्टवेअर बदलून ते जात नाहीत, कारण ते फाइलीतच लिहिलेले असतात. पक्षी पाठउजेडात असेल तर कॅमेऱ्यातच एक्स्पोजर वाढवा.

पांढऱ्या बगळ्याचं उलट. उणे २/३ ते उणे १. पिसांत एक चॅनेल जळाला तर हायलाइट रीकन्स्ट्रक्शन बाकीच्या दोघांवरून भरून काढतं. तिन्ही जळाले तर तिथे फक्त पांढरा रंग आहे, पिसं नाहीत. फ्लेमिंगोत आधी लाल जातो, पंखाच्या गुलाबी भागावर लक्ष ठेवा.

पक्ष्यांसाठी डीएक्सओचं डीपप्राइम नॉइजमध्ये भारी आहे, एकदाच पैसे भरून मिळतं, आणि बॉडी-लेन्सच्या जोडीचं मोजमाप करूनच दुरुस्ती देतं. पण ग्राफिक्स कार्ड नसेल तर एकेका फोटोला मिनिटं जातात. तुमच्या यंत्रावर शंभर फोटो रात्रभराचं काम. घ्यायच्या आधी चाचणी प्रत उतरवून तुमच्याच लॅपटॉपवर दहा फाइली लावून बघा.

पुढेमागे निकॉनची नवी झेड बॉडी घेतलीत तर रॉ कॉम्प्रेशन लॉसलेसवर ठेवा. हाय एफिशियन्सी पर्यायातल्या फाइलींवर मुक्त सॉफ्टवेअर अडकतं, त्या आधी ॲडोबीच्या मोफत डीएनजी कन्व्हर्टरमधून काढाव्या लागतात.

हिमरू
मराठी नावांबद्दल कुणी सांगितलं नाही म्हणून. फोल्डरची नावं देवनागरीत ठेवली की काही साधनं अडखळतात. विंडोजवर एक्झिफटूल या फोटोतली माहिती लिहिणाऱ्या साधनाला फाइलनावांचा कॅरसेट यूटीएफ-८ आहे असं वेगळं सांगावं लागतं, नाहीतर फाइल सापडत नाही म्हणतं. त्यामुळे फोल्डर तारखेच्या आकड्यांनी ठेवा, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, आणि मराठी मजकूर फोटोच्या आत लिहा. तो लिहिताना एक्सएमपीचे रकाने वापरा, ते मुळातच युनिकोड आहेत. जुन्या आयपीटीसीच्या रकान्यात कॅरसेट नोंदवला नाही तर ‘वेरूळ’च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते.

बेसाल्ट
लाइट जाण्याचाही विचार करा. लॅपटॉपला बॅटरी आहे, बाहेरच्या हार्डडिस्कला अडॅप्टर असेल तर तिला नाही. कॅटलॉग किंवा डार्कटेबलची लायब्ररी फाइल बाहेरच्या डिस्कवर असेल आणि लिहिता लिहिता वीज गेली तर ती मोडू शकते. लायब्ररी एसएसडीवर, फोटो बाहेर. लाइटरूमवाल्यांनी बॅकअप घेताना आधी कॅटलॉग तपासण्याची खूण करून ठेवावी, मोडक्या कॅटलॉगचे दहा बॅकअप घेऊन काय करणार? रॉथेरपीला लायब्ररीच नाही, हा त्याचा इथे फायदा.

तेरणाकाठ
आता निवडीचं. परीक्षणं वाचून ठरवू नका, तुमच्या पाच फाइली काढा: १ नंबर लेण्यातली आयएसओ ६४००ची, कैलासाची भर उन्हातली, बगळ्याची, राणी रंगाच्या पैठणीची, आणि सोनीतली पाठउजेडाची. प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये सगळं मूळ स्थितीत ठेवून फक्त व्हाइट बॅलन्स एकसारखा करा आणि १६ बिट टिफ काढा. पाचही टिफ १०० टक्क्यांवर शेजारी ठेवून बघा. शार्पनिंगला भुलू नका, एखाद्याने मुळातच जास्त लावलेलं असतं आणि ते चांगलं वाटतं. सावली, लालाची घडी आणि पिसं, एवढंच बघा.

नाथसागर_किनारी
केलं तसं, तीन सॉफ्टवेअरमध्ये. लेण्यांना आणि साड्यांना रॉथेरपी ठरवलं. सोनीच्या पक्ष्यांनाही तेच, एलएमएमएसई लावून. निकॉनच्या घाईच्या कामाला एनएक्स स्टुडिओ. डार्कटेबल चार्टपुरतं ठेवतो, खामकाठ रागावू नका. लाइटरूमचा हप्ता भरण्याइतकं काम नाही.

एकच अडलंय. कैलासाच्या जुन्या फाइलींचे पीपी३ बाहेरच्या डिस्कवर नेले, तिथे रॉथेरपी कोरे फोटो दाखवतं. फाइली शेजारीच आहेत.

तेरणाकाठ
नावं बघा. पीपी३चं नाव फोटोच्या पूर्ण नावापुढे लागतं, एक्स्टेन्शनसकट. नेताना तुम्ही एनईएफचं (निकॉनच्या रॉ फाइलीचं) नाव बदललंत का? लेण्याचा क्रमांक पुढे जोडला असेल तर पीपी३लाही तोच जोडा.

नाथसागर_किनारी
हो, कैलासाचा लेणी क्रमांक ‘१६’ जोडला होता. पीपी३ला जोडल्यावर सगळे परत आले.